मधुमेही पायाची चिघळलेली जखम आणि नॅनो औषधं : कुठे चालतात, कुठे फसतात

पट्टीताई_धंतोली
"नॅनोसिल्व्हर लावून राहिलो, तरी जखम हलत नाही." नागपुरात मधुमेह्यांच्या पायाचं ड्रेसिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य येतं. बहुतेक वेळा दोष चांदीचा नसतो. काय लावलं आणि कसं लावलं, यात घोळ असतो. म्हणून हा धागा.

पहिला घोळ नावाचा. गंजीपेठेतल्या दवा बाजारात "सिल्व्हरवाली क्रीम" मागितली, की तीन वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही हातात पडू शकते. एक, सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का, ती भाजल्यावरची पांढरी क्रीम. ही नॅनो नाही. दोन-तीन दिवसांत जखमेवर तिचा पिवळट चिकट थर बसतो आणि लोक त्याला पू समजतात. दुसरं, चांदीचे नॅनोकण असलेलं पारदर्शक किंवा करडं जेल. तिसरं, नॅनोस्फटिकी चांदीचं कापड. यात जाळीवर चांदीचा अतिसूक्ष्म थर बसवलेला असतो आणि ओल मिळाली की तो हळूहळू आयन सोडतो. तिन्हींचं वागणं वेगळं, बदलायची वेळही वेगळी. क्रीम रोज धुऊन पुन्हा लावावी लागते. कापड प्रकारानुसार तीन किंवा सात दिवसांपर्यंत राहतं. सात दिवसांचं कापड रोज काढलं तर पैसे गेलेच, वर नव्याने आलेली कातडीही त्याबरोबर सोलून निघते.

दुसरा घोळ कापड भिजवण्याचा. ते निर्जंतुक पाण्याने भिजवायचं, सलाइनने नाही. हे पाकिटावर लिहिलेलं असतं. पण ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये सलाइनची बाटली आधीपासून उघडी असते, हात तिच्याकडेच जातो.

नारंगी_फार्मा
ताई, सलाइनचं कारण आकड्यांत मांडतो, म्हणजे लक्षात राहील. ०.९ टक्के सलाइनमध्ये लीटरला १५४ मिलिमोल क्लोराइड असतं. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८ गुणिले १० चा उणे दहावा घात. भागाकार केला की मोकळा चांदी-आयन लीटरला जेमतेम ०.१३ मायक्रोग्रॅम उरतो. बाकीची चांदी क्लोराइड होऊन खाली बसते, नाहीतर क्लोराइडशी जोडून वावरते. जंतूला मारतो तो मोकळा आयन. तो जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो, पेशीचा पडदा फाडतो. तोच आपण कापड लावायच्या आधी बांधून टाकतो.

जखमेच्या पाण्यातही क्लोराइड आणि अल्ब्युमिन असतातच, म्हणून काही चांदी वाया जाणार हे गृहीत धरून कापडात भरपूर साठा ठेवलेला असतो. बाहेरून त्यात आणखी भर कशाला?

पोव्हिडोन आयोडीनचंही तसंच. त्याने जखम धुतली आणि तशीच चांदी ठेवली, तर सिल्व्हर आयोडाइड होतं, तेही न विरघळणारं. आयोडीन वापरायचं असेल तर नंतर निर्जंतुक पाण्याने धुऊन काढा. कोलाजिनेजचं मलम मेलेलं मांस विरघळवायला लावलं असेल तर त्यावर चांदी नको, एन्झाइम निकामी होतं. व्हॅसलीनच्या जाळीवर चांदीचं कापड ठेवलं की पाणीच पोचत नाही, मग आयन सुटणार कसे?

पायडॉक
चर्चा चांगली चालली आहे, पण क्रम आधी ठरवू. नॅनो औषध सगळ्यात शेवटचा थर आहे. त्याच्या आधीच्या चार गोष्टी झाल्या नसतील तर कोणतंही जेल लावा, फरक पडणार नाही.

रक्तपुरवठा. घोट्यामागची आणि पावलावरची नाडी हाताला लागते का? घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर धमनी अरुंद आहे. १.३ च्या वर आलं तर खूश होऊ नका. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, ती दाबली जात नाही आणि आकडा खोटा वाढतो. तिथे पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायचा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर मलमाचा विषय बंद, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने.

हाड. निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालायची. टणक, खरखरीत असं काही लागलं तर हाडाला संसर्ग असल्याचा दाट संशय घ्यायचा. सोबत ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, ७० च्या वर असेल तर संशय आणखी पक्का. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे साफ दिसू शकतो, त्यावर निर्धास्त राहू नका. कोणतेही नॅनोकण जखमेच्या तोंडातून आत जाऊन हाडातला संसर्ग बरा करत नाहीत. हाड काढलं नसेल तर साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक लागतं.

भार. पाय बधिर, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालतो. चपलेत फोम लावताना चुंबळीसारखी गोल कडी करू नका. कडीच्या काठावर दाब वाढतो, मधली कातडी फुगते आणि रक्त अडतं. घोड्याच्या नालेसारखा उघडा तुकडा कापा. तळव्याच्या जखमेला सगळ्यात चांगलं म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट. मात्र संसर्ग जोरात असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल, तेव्हा ते नाही.

आणि खरवडणं. जखमेच्या काठावरची घट्ट्याची पांढरी कड कापायची, तळाचा पिवळा बुळबुळीत थर काढायचा, रक्त डोकावेल इथपर्यंत. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची कोरडी काळी खपली मात्र ओढू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती जाहिरातीत नसते. मधुमेही पायाच्या संसर्गावरची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं संसर्गाच्या उपचारासाठी चांदी, मध किंवा वरून लावायची जंतुनाशकं वापरू नका असंच सुचवतात, कारण फायद्याचा पुरावा पुरेसा नाही. म्हणजे चांदी लावली म्हणून पोटातलं किंवा शिरेतलं अँटिबायोटिक टळत नाही. खरवडलेल्या जखमेवर थर पुन्हा जमू नये म्हणून थोडे दिवस जोडीला घेतात, भूमिका तेवढीच.

ड्रेसिंगवाले_सक्करदरा
डॉक्टरसाहेब, दोन शंका. पाणी खूप गळत असलेल्या जखमेवर कापड भिजवायचं का? आणि चार दिवसांनी उघडल्यावर तळ काळसर दिसतो. घरचे लोक "सडलं" म्हणून घाबरतात. चांदीचा काळेपणा आणि मेलेलं मांस ओळखायचं कसं?

पट्टीताई_धंतोली
भाऊ, गळत्या जखमेवर थोडंसंच ओलं करा. भिजवून उलटं धरलं तर थेंब पडायला नको. वर शोषून घेणारं पॅड ठेवा. जखमेच्या आकाराचंच कापा, काठावरच्या चांगल्या कातडीवर ओलं कापड चढलं की ती पांढरी पडून लिबलिबीत होते. खोल जखमेत सैल भरा, कोंबू नका. पॅडच्या बाहेर पाणी दिसलं की दिवस मोजत बसू नका, बदला.

काळेपणाचं असं बघा. चांदीचा डाग करडा-काळा, पातळ आणि सारखा पसरलेला असतो. कापडाच्या जाळीची नक्षीसुद्धा त्यात उमटते. ओल्या गॉझने पुसलं की बराच निघतो, खाली लाल तळ दिसतो आणि वास नसतो. मेलेलं मांस पुसून जात नाही. ते चामड्यासारखं किंवा पिठूळ लागतं, कडेला सीमारेषा असते, बहुधा वास येतो. शंका आली तर डाग धुऊन चांगल्या उजेडात पुन्हा बघायचं, फोटोवर ठरवायचं नाही.

पायडॉक
त्याला जोडून. बोटं काळी-निळी पडणं, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर आवाज, लाली तासातासाने चढणं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा अंग गार, नाडी ९० च्या वर, यातलं काही असेल तर ड्रेसिंग बांधून त्याच दिवशी मेडिकल, मेयो, एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे. उद्याची ओपीडी नाही. ताप नाही म्हणून थांबूही नका, बऱ्याच मधुमेह्यांना गंभीर संसर्गातही ताप चढत नाही.

जंतुशाळा_बजाजनगर
जंतूंच्या बाजूने थोडं. लांब चाललेल्या जखमेत जंतू सुटे नसतात. आपणच तयार केलेल्या चिकट आवरणात ते घर करतात, म्हणजेच बायोफिल्म. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि जंतूंचा सुटा डीएनए असतो. हा डीएनए आणि काही साखळ्या ऋण प्रभाराच्या, म्हणून धन प्रभाराची अँटिबायोटिकं, उदाहरणार्थ अमिकासिन, वरच्या थरातच अडकतात. आतले जंतू मंद, जवळजवळ झोपलेले, त्यांच्यावर वाढ रोखणारं औषध चालत नाही. नॅनोचा खरा मुद्दा इथे आहे. औषध कणात लपवून या जाळीतून आत न्यायचं आणि आत गेल्यावर सोडायचं. साधारण १०० ते २०० नॅनोमीटरच्या आतला कण जातो, मोठा अडकतो. पण वरचा मेलेल्या मांसाचा थर मिलिमीटरमध्ये असतो, तो ओलांडायची ताकद कोणत्याच कणात नाही. म्हणून पायडॉक सरांचं खरवडणं आधी. खरवडल्यावर बायोफिल्म एक ते तीन दिवसांत पुन्हा जमू लागते. त्या खिडकीत लावलेलं औषध कामाचं, आठवड्याने लावलेलं नाही.

नमुना घेतानाची चूक सर्रास दिसते. वरचा पू पुसून स्वॅब पाठवला की त्वचेवरचे सगळे पाहुणे उगवतात. जखम सलाइनने धुवा, खरवडा, पुन्हा धुवा, मग तळाचा तांदळाएवढा मांसाचा तुकडा निर्जंतुक डबीत द्या. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. आपल्याकडे ग्राम-निगेटिव्ह जंतू बरेच निघतात. पट्टी हिरवट आणि वास गोडसर असेल तर स्यूडोमोनास मनात धरा. आणि हो, संसर्गाची लक्षणंच नसतील तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवू नका. लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांतली किमान दोन हवीत. नाहीतर अहवालात जंतू दिसला म्हणून विनाकारण गोळ्या सुरू होतात.

एमफार्म_दुसरं_वर्ष
मॅडम, प्रोजेक्टमध्ये चांदीच्या कणांना अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) फारच लहान येतो. म्हणजे कण निकामी समजायचे का?

जंतुशाळा_बजाजनगर
नाही. अगारमध्ये कण सरकतच नाहीत, खळीतच बसून राहतात. थोडे आयन झिरपतात, तेवढाच झोन. सिल्व्हर नायट्रेटशी झोनची तुलना म्हणूनच फसवी आहे. ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, किमान रोधक मात्रा (जंतूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) काढा आणि ठरावीक वेळांनी जिवंत जंतू मोजा. शेवटी चांदी निष्प्रभ करूनच प्लेटवर पसरा, थायोग्लायकोलेट चालतं. ते केलं नाही तर चांदी प्लेटवरही मारत राहते आणि निकाल उगाच चांगला दिसतो.

चाचणीचं माध्यमही बदला. कृत्रिम जखमद्रावात लीटरला ८.३ ग्रॅम मीठ आणि ०.३७ ग्रॅम द्विजल कॅल्शियम क्लोराइड, वर सीरम घाला. ज्या जेलने साध्या ब्रॉथमध्ये सगळं मारलं, ते इथे बरेचदा ढेपाळतं. पिवळं द्रावण करडं पडलं आणि ४०० नॅनोमीटरजवळचं शोषणशिखर रुंद होऊन उजवीकडे सरकलं, तर कण एकमेकांना चिकटले असं समजा.

नारंगी_फार्मा
कायटोसानवर, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेल्या बहुलकावर, बरेच जण काम करून राहिले आहेत, म्हणून त्यातली खाचखळग्यांची जागा दाखवतो. हे प्रयोगशाळेसाठी आहे. घरी करून कुणाच्या पायाला लावायचं नाही.

८५ टक्क्यांच्या वर डीॲसिटिलेशन असलेलं, कमी रेणुभाराचं कायटोसान १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये ०.२ टक्का विरघळवा, रात्रभर ढवळत ठेवा, ०.४५ मायक्रॉनने गाळा, सामू म्हणजे पीएच ४.८ च्या आसपास आणा. कायटोसानला गुंफून कण बनवणारं ट्रायपॉलिफॉस्फेट ०.१ टक्का पाण्यात, तेही गाळून. कायटोसानच्या १० मिलिलीटरमध्ये ते थेंबथेंब ४ मिलिलीटर सोडा, चुंबकी ढवळणी ७०० फेऱ्यांवर, खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास. हे वजनाला ५ ला १ झालं. बरोबर जमलं तर द्रावण निळसर दुधाळ झाक मारतं, टॉर्चचा झोत आरपार रेघ दाखवतो. ट्रायपॉलिफॉस्फेट वाढवत ३ ला १ च्या पुढे गेलात की ते ताकासारखं पांढरं होतं आणि तासाभरात खाली बसतं. ते कण नव्हेत, गाळ आहे.

सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाला घट्ट चकती होऊन ती परत सुटत नाही, ही नेहमीची तक्रार. नळीच्या तळाशी १० ते २० मायक्रोलीटर ग्लिसरॉल आधी घाला, कण त्यावर मऊ बसतात. फ्रीज-ड्राय करायचं तर ५ टक्के ट्रेहॅलोज. ऑटोक्लेव्ह नको, कण मोडतात. ०.२२ मायक्रॉनने गाळलं तर मोठे कण गाळणीवरच राहतात, औषधाचं प्रमाण पुन्हा मोजावं लागतं. सुरुवातीपासून निर्जंतुक काम करणं सोपं.

आता असली अडचण. कायटोसान जंतूला मारतं ते त्याच्या धन प्रभारामुळे, आणि तो प्रभार सामू ६.५ च्या खाली टिकतो. जुनी जखम अल्कधर्मी, ७.२ ते ८.९. म्हणजे ४.८ ला उत्तम दिसलेले कण जखमेत पोचल्यावर प्रभार गमावून गोळा होतात. त्यामुळे त्यांच्याकडे औषधाची पिशवी म्हणून बघा, स्वतःहून मारणारा म्हणून नाही. औषध किती सुटतं ते ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये मोजताना कण बुडाशी बसतात आणि "मंद, शाश्वत विमोचन" असा सुंदर आलेख येतो. डायलिसिस पिशवीत नुसतं औषध घालून दुसरा आलेख काढा. तोही तितकाच मंद आला, तर मंदपणा पिशवीचा आहे, कणाचा नाही.

एमफार्म_दुसरं_वर्ष
सर, नॅनोतंतूंची पट्टी इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च दाबाच्या विजेने द्रावणाचे तंतू ओढून, करतोय. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल १० टक्के, १६ किलोव्होल्ट, अंतर १२ सेंटिमीटर, तासाला ०.५ मिलिलीटर. एप्रिलमध्ये सुईचं तोंड बंद पडायचं, आता ऑगस्टमध्ये तंतूच दिसत नाहीत, ओला पापुद्रा बसतो.

नारंगी_फार्मा
मापं ठीक आहेत, हवा ठीक नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, थेंब सुईवरच सुकतो. पावसाळ्यात ८० च्या वर, पाणी वाटेत उडत नाही आणि तंतू एकमेकांत विरघळतात. ॲक्रिलिकची बंद पेटी करा, आत हायग्रोमीटर, ४० ते ५० टक्के ठेवा. पावसाळ्यात भाजून घेतलेलं सिलिका जेल, उन्हाळ्यात पाण्याचा ट्रे, पण विजेच्या टोकांपासून लांब. प्रत्येक नमुन्यासोबत आर्द्रता लिहा. परीक्षकाने विचारण्याआधी तुम्हालाच ती लागेल.

आणि ही पट्टी जखमेत विरघळेल, क्रॉसलिंक करावीच लागते, म्हणजे तिच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. ग्लुटारल्डिहाइडची वाफ दिली तर उरलेला अंश नीट काढा, तो फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशी, मारतो. मग दोष औषधाचा वाटतो.

जंतुशाळा_बजाजनगर
सध्या शोधनिबंधांत नॅनोझाइमचा, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणाऱ्या नॅनोकणांचा, बोलबाला आहे. लोह ऑक्साइडचे कण पेरॉक्सिडेजसारखे वागतात हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. त्यावरून कल्पना अशी की ग्लुकोज ऑक्सिडेजने जखमेतली साखर वापरून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करायचं, आम्लाने सामू खाली आणायचा, मग लोहकणाने त्या पेरॉक्साइडचं जहाल हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल) करायचं. मधुमेहाची साखरच जंतूंवर उलटवायची, कल्पना फार देखणी आहे. अडचण दोन ठिकाणी. लोहकण सामू ३ ते ५ मध्ये जोमात असतो, तिथपर्यंत जखम आणणं कठीण. शिवाय जंतू मेल्यावर हीच मूलकं नव्या पेशींना जाळतात. तेव्हा उलट सेरियासारखे (सेरियम ऑक्साइड) मूलक शोषणारे कण लागतात. आधी मार, मग शांत कर, हा बदल नेमका कधी करायचा हे कणाला कळवणं हेच खरं काम आहे.

पायडॉक
आणि प्रकाशाने तापणारे सोन्याचे किंवा पॉलिडोपामिनचे कण? ८०८ नॅनोमीटरचा लेझर, ५० अंशांच्या आसपास तापमान. उंदरात ठीक. पण आपला रुग्ण १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा, तळव्याला टेकवला तरी ओळखत नाही. मे महिन्यात अनवाणी देवळाच्या फरशीवर चालून तळव्याला फोड आलेले त्याला घरी पोचल्यावर मोज्यावरच्या डागाने कळतात. अशा पायावर ५० अंश देताना "चटका बसला तर सांगा" हा सुरक्षेचा उपाय होऊ शकत नाही. तापमान यंत्रानेच मोजलं आणि थांबवलं पाहिजे.

उंदराचंच निघालं म्हणून, त्याची सैल कातडी आक्रसून जखम मिटवते. आपली जखम मांस भरून आणि कातडी सरकून मिटते. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवलेली नसेल, तर चौदा दिवसांत "९५ टक्के बंद" या वाक्याला माणसाच्या पायासाठी फारसा अर्थ नाही.

ड्रेसिंगवाले_सक्करदरा
हळदीचं काय? नॅनोकर्क्युमिन आलं म्हणून घरी लोक हळद भरून राहिले जखमेत.

नारंगी_फार्मा
भाऊ, हे थांबवाच. हळदीचा मान मोठा आहे. जखम भरण्यासाठी हळद यावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेलं पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात बीजाणू असतात, कधी रंगाची भेसळही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ३७ अंशाला सामू ७.२ च्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. नॅनो रूप हे या दोन अडचणींवरचा इलाज आहे. चमचाभर भुकटीत तो नसतो. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली किती पसरली ते दिसत नाही.

पट्टीताई_धंतोली
ट्यूब विकत घेताना काय बघायचं तेही लिहून ठेवा कुणीतरी.

नारंगी_फार्मा
लेबलवर चांदी कोणत्या रूपात आणि किती टक्के, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, उघडल्यावर किती दिवस. नुसतं "नॅनो तंत्रज्ञान" लिहिलेलं आणि मात्रा नाही, ते ठेवून द्या. भारतात नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. कुणी "नवीन नॅनो उपचाराची चाचणी" म्हणून रुग्णाला बोलावलं, तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. १५ जून २००९ पासून चाचणीची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले, तर तिथेच थांबून नैतिकता समितीचा क्रमांक विचारा.

ड्रेसिंगवाले_सक्करदरा
शेवटचं. चांदी बंद कधी करायची?

पायडॉक
दोन आठवड्यांनी थांबून बघायचं. संसर्गाची चिन्हं गेली तर चांदी बंद, साधं ओल धरणारं ड्रेसिंग. सुधारतंय पण चिन्हं आहेत, तर आणखी चालू, पुन्हा तपासणी. काहीच हललं नाही, तर चांदी बदलून उपयोग नाही. रक्तपुरवठा, हाड आणि भार पुन्हा तपासा.

मोजमाप दर आठवड्याला त्याच वारी, खरवडल्यानंतर, सगळ्यात लांब बाजू गुणिले तिला काटकोनात रुंदी. ४ गुणिले ३ म्हणजे १२ चौरस सेंटिमीटरची जखम चार आठवड्यांनी ६ च्या आत यायला हवी. न आल्यास पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवा. पारदर्शक पिशवीवर मार्करने कड काढा, जखमेला टेकलेला थर टाकून द्या, वरचा तारीख लिहून फाइलला लावा. आणि एमआरआयला पाठवताना चांदीचं कापड काढून साधी पट्टी बांधा, चिठ्ठीत तसं लिहा.